लोखंडाची बोट

"लोखंडाची बोट? अन् थे पान्यावर तरंगते?" रामराव हसता हसता खाटेवरून पडायचेच बाकी होते. "गोवर्धन, मुंबईले जाऊन भांग पेऊन आला का बे?"

कापसाचे व्यापारी असलेल्या रामरावांच्या अंगणातली मंडळी खदखदली. गोवर्धन गाडीवान अमरावतीचा कापूस मुंबईच्या बंदरात उतरवून नुकताच परतला होता. अमेरिकेत आपसांत लढाई जुंपली होती, तिथला कापूस अडकला होता, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. एवढे सगळ्यांना ठाऊक होते. तो अडकवला कसा, हे गोवर्धनला बंदरावरच्या एका खलाशाने सांगितले होते.

"अंगावर लोखंडाचे जाड पत्रे ठोकेल बोटी तिथल्या बंदरांची वाट अडवून उभ्या हायेत जी. तोफेचा गोळा लागला तरी टन्नकन उडून जाते."

"पुरे!" रामरावांचे हसू ओसरले. "उद्या माह्या गाठी भिजल्या तरी अशाच गोष्टी सांगशीन. या खेपेले माल चंद्रभानच्या गाडीत जाईन."

हंगामातली मोठी खेप गोवर्धनच्या हातची गेली. घरी येऊन गोवर्धन बायकोजवळ बसला. "खरं सांगू, जमुना? लोखंड कसं तरंगते, मलेबी नाही समजलं. पन थो खलाशी खोटं काहून बोलन?"

जमुनाने हात पुसले, चुलीजवळची लोखंडी कढई उचलली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि निघाली.

"अवं, कुठी चालली?" गोवर्धन मागे धावला.

ती थेट रामरावांच्या अंगणातल्या बैलांच्या हौदाशी थांबली. कढई तिने अलगद पाण्यावर सोडली. ती डुलत डुलत मधोमध गेली.

"पाहा काकाजी," जमुना म्हणाली. "लोखंडाचीच हाय ना?"

रामरावांनी मिशी चावली, एक खडा उचलला आणि नेम धरून मारला. टण्ण! खडा उसळून पाण्यात पडला. कढईने नुसती गिरकी घेतली. त्यांनी दुसरा मारला, तिसरा मारला, आणि एकदम ओरडले, "अरे, हे तं बुडतच नाही! चंद्रभान, तूबी मारून पाह्य!"

मग सगळेच खडे वेचू लागले. हौदाभोवती मोठमोठ्या मिशांची माणसे ओलीचिंब होऊन हसत होती.

"भर बाप्पा, तुहीच गाडी भर," डोळे पुसत रामराव म्हणाले.

त्यानंतर गोवर्धनचे बैल क्वचितच रिकामे उभे राहिले. पुढे एका दुपारी बातमी आली, अमेरिकेतली लढाई संपली. भाव कोसळला. गोवर्धन खाली मान घालून घरी आला आणि जमुनाला सारे सांगितले.

ती भाकरी थापता थापता थांबली.

"म्हंजे त्या बोटीतले लोक आपापल्या घरी गेले असतीन?"

"गेले असतीन."

"बरं झालं," जमुना म्हणाली, आणि तव्यावरची फुगलेली भाकरी तिने त्याच्या ताटात वाढली.