बंद होताना

"मावशी, गाडी बंद केली का सारी थरथरते. घेतानी सांगतलं काहून नाही?"

राजकुमारने चहाला हात लावला नव्हता. मोहाडीचा हा भाजीवाला महिन्याभरापूर्वीच सुमनबाईंच्या नवऱ्याची, तेजरामची, जुनी पिकअप विकत घेऊन गेला होता. आज तो ती परत करायला कारध्याला त्यांच्या घरी आला होता.

"थरथरते म्हणजे?" सुमनबाईंनी विचारलं.

त्याने अंगणात जाऊन गाडी सुरू केली, मग बंद केली. इंजिनाने दोन-तीन गचके दिले, पत्रा खडखडला, घराच्या खिडकीची काच थरारली आणि सगळं शांत झालं. सुमनबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. एवढ्यात कोणी घरात शिरेल, पाणी मागेल, असं वाटून त्या उंबऱ्याकडे पाहत राहिल्या.

"आता समजलं?"

"अकरा वर्सं रोज आयकलं, बाबू. मले वाटे, साऱ्याच गाड्या अशा बंद होतात."

राजकुमार खाली पाहू लागला. पण सुमनबाईंच्या मनाला ते लागलं होतं. तेजराम जाऊन वर्ष झालं नव्हतं, आणि त्याच्या नावाने कुणी फसवणूक म्हणावी! त्यांनी घराला कुलूप लावलं आणि स्वतःच गाडीत राजकुमारच्या शेजारी जाऊन बसल्या.

"चाल तुलारामकडे. आमच्या यांची गाडी तोच पाहे."

वैनगंगेच्या पुलापलीकडे तुलारामचं गॅरेज होतं. त्याने बॉनेट उघडून आत हात घातला. "इंजिनाखालचे रबर गेले, बाकी काही नाही. तेजरामले किती डाव सांगतलं, नवे बसवून देतो म्हणून. तो म्हणे, राहू दे, घरी समजते मी आलो म्हणून."

हे तेजरामने सुमनबाईंना कधी सांगितलं नव्हतं. पदराने हात पुसत त्या म्हणाल्या, "बसवून दे नवे."

दुपार कलेपर्यंत काम झालं. राजकुमार खुशीत होता. परतीच्या वाटेवर भाजीच्या भावाबद्दल, पोरीच्या शाळेबद्दल बोलत राहिला. सुमनबाई पुढे बघत ऐकत होत्या.

मग त्याचं बोलणं थांबलं. बराच वेळ तो त्यांच्याकडे पाहत होता.

"मावशी, उतरता ना? घर आलं."

"बंद केली का गाडी?"

"कवाचीच."

"हो का," म्हणत सुमनबाई दाराची कडी चाचपू लागल्या.