एक दिवस उशिरा

नैवाशाच्या तळ्याकाठी आमची गुलाबाची पॉलीहाऊसं आहेत. तिथल्या फवारणीच्या टोळीची मी मुकादम. बरासा माझा सगळ्यात भरवशाचा माणूस. आत उकडून जीव जायचा, म्हणून तो मास्क गळ्यात लटकवूनच फवारायचा. मी बघून न बघितल्यासारखं करायची.

त्या आठवड्यात मोठी ऑर्डर होती. फवारून फवारून त्याचं डोकं ठणकायचं. मी पर्समधून पॅरासिटामॉल काढून द्यायची. सकाळी दोन, दुपारी दोन, सुटताना दोन. वर रात्रीसाठी दोन.

"बायकोसुद्धा एवढी काळजी घेत नाही, मोराताई!"

"गप गीळ. अजून चार ओळी राहिल्यात."

घरी जाऊन तो चांगा ढोसायचा, आमच्याकडची हातभट्टी. तेही मला ठाऊक होतं.

आठव्या दिवशी त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही गोळ्या घेतल्यात का यानं?"

"नाही हो," त्याची बायको, लेक नेकेसाची आई, म्हणाली. "घरात एक गोळी नाही."

मी शेजारीच उभी होते. मॅनेजरचा चेहरा डोळ्यांपुढे आला; त्याला कळलं तर माझी मुकादमी जाणार. तोंड उघडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरासा बायकोला ओळखेना. तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं.

"काल का नाही बोललात?" डॉक्टरीणबाईंनी लगेच सलाईनमधून उतारा सुरू केला. मग म्हणाल्या, "फवारणीचं औषध, दारू, या गोळ्या. एकेकटं यकृतानं कदाचित सोसलंही असतं. तिन्ही एकदम आल्यावर त्यानं करायचं काय?"

बरासा वाचला. महिन्याने घरी आला, पण हाडांचा सापळा होऊन. फवारणी कायमची सुटली.

मी भेटायला गेले, तर नेकेसाच्या आईनं माझे हात धरले. "तू बोललीस म्हणून हा दिसतोय, ताई."

मला ते सोसेना. "आदल्या दिवशी तू 'नाही' म्हणालीस ना, तेव्हा मला गोळ्यांचं माहीत होतं. मी गप्प बसले."

तिनं हात सोडले. चुलीवरची मक्याच्या पिठाची उगाली करपायला लागली, तरी ती हलली नाही.

"तू आता जा, मोरा," ती म्हणाली.

मी निघाले. आतून बरासा विचारत होता, "कोण आलं होतं गं?" तिनं काय सांगितलं, ते ऐकायला मी थांबले नाही.