चादरीतल्या मुंग्या

"गादीत मुंग्या आहेत," पाच वर्षांची पोरगी तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा तिच्या आईने वॉर्डातल्या आयामावशींकडे असं पाहिलं, जणू मुंग्या त्यांनीच पाळल्यात.

मावशींनी सकाळपासून दोनदा चादर बदलली होती, आणि ते काही सोपं काम नव्हतं. पोरगी काल घसरगुंडीवरून डोक्यावर पडलेली, मानेला आधाराचा पट्टा. तिला कुशीवर वळवायचं तर चार माणसं लागत. एकाने नुसतं डोकं सांभाळायचं, बाकीच्यांनी अंग, आणि वळवायचं ते सगळ्यांनी एकदम. दुसऱ्या खेपेला सिस्टर वैतागून म्हणाल्या, मावशी, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय.

मावशींना ते झोंबलं. एकतीस वर्षं त्या चादरी झटकत होत्या, त्यांच्या नजरेतून मुंगी सुटेल? त्यांनी पोरीलाच विचारलं, कुठे चावतात गं?

"हातात. आतून."

मावशींनी तिच्या मुठीत आपली बोटं दिली आणि जोर लावायला सांगितलं. उजवी मूठ आवळली. डावी नुसतीच मिटली.

तेवढ्यात तरुण डॉक्टर आले. एक्स-रेच्या फोटोत हाड कुठेही मोडलेलं नाही, पट्टा काढू आणि घरी सोडू, असं ते म्हणाले. आईने पिशवी भरायला घेतली. डॉक्टरांचा हात पट्ट्याकडे गेला, तशा मावशी मध्ये आल्या.

"डॉक्टर, पट्टा काढू नका."

सिस्टरांनी डोळे वटारले. मावशी तसूभर हलल्या नाहीत.

"चादरीत मुंग्या नाहीत, मी दोनदा बघितलंय. तिच्या हाताला मुंग्या आल्यात. तिला ते सांगता येत नाही एवढंच. मूठ बघा तिची."

डॉक्टरांनी मूठ पाहिली. पुन्हा पाहिली. पट्टा राहिला. संध्याकाळी मोठ्या मशीनवरच्या तपासणीत मानेतल्या मज्जारज्जूला सूज निघाली. मुलांची हाडं लवचिक असतात, वाकून परत जागेवर येतात, आतली इजा साध्या फोटोत दिसत नाही, असं डॉक्टरांनी आईला समजावलं. आई मावशींचा हात धरून खूप रडली.

काही आठवड्यांनी पोरगी आपल्या पायांनी घरी गेली. डाव्या हाताने तिला अजून फ्रॉकचं बटण लावता येत नव्हतं.

पुढच्याच महिन्यात सायकलवरून पडलेलं एक मूल आलं. फोटो चांगला होता. डॉक्टरांचा हात त्याच्या मानेच्या पट्ट्यापाशी जाऊन थांबला.

"मावशी," त्यांनी हाक मारली, "चादर बघितलीत?"

मावशींनी हात पुसले आणि आधी त्या मुलाच्या मुठीत आपली बोटं दिली.