'ब' तुकडीचे आकडे

मुख्याध्यापकांच्या खोलीत पंखा फिरत होता, तरी धाकट्या बाईंच्या पाठीवरून घाम ओघळत होता. शाळेत नणंद-भावजय दोघी शिक्षिका, म्हणून नणंद त्या थोरल्या बाई आणि भावजय त्या धाकट्या. थोरल्यांकडे तिसरीची 'अ' तुकडी, धाकट्यांकडे 'ब'. त्यात धाकट्यांची नोकरी हंगामी. दर वर्षी मुदतवाढीच्या कागदावर मुख्याध्यापकांची सही लागे, आणि यंदाची अजून व्हायची होती.

समोर संशोधक बाई कागद पसरून बसल्या होत्या. शिक्षकांनी त्यांचं नाव पाडलं होतं मोजणीबाई. वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी चार शाळांत चिठ्ठ्या टाकल्या होत्या. जिची चिठ्ठी निघेल त्या तुकडीला नवी रीत: रोज दहा मिनिटं पुस्तकं मिटायची आणि मागच्या आठवड्यात शिकलेलं आठवून लिहायचं. दुसऱ्या तुकडीने जुन्याच रीतीने चालायचं. शेवटी दोन्ही तुकड्यांना एकच परीक्षा. इथे चिठ्ठी 'अ'ची निघाली, आणि धाकट्या बाईंनी 'नवी रीत वापरणार नाही' अशा कागदावर सही केली.

सहामाहीनंतर तो शब्द त्यांनीच मोडला. संध्याकाळी घरी भाजी निवडताना थोरल्या सांगत, अगं, तोंडातून शब्द न काढणारी पोरं आता हात वर करायला लागलीत. ऐकून धाकट्यांचा जीव तुटे. आपल्या पोरांनी काय घोडं मारलं होतं? एका सकाळी त्यांनी वर्गाचं दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "पुस्तकं मिटा रे." मग ते रोजचंच झालं.

"तीन शाळांत नव्या रीतीची मुलं थोडी पुढे आहेत," मोजणीबाई सांगत होत्या. "तुमच्याकडे दोन्ही तुकड्या बरोबरीत. सगळं एकत्र केलं की फरक उरत नाही. 'उपयोग दिसत नाही' असं लिहावं लागेल. म्हणजे रीत चारही शाळांत बंद."

"बंद तर बंद," मुख्याध्यापक खुशीत म्हणाले. "आमच्या धाकट्या बाई कशा शिकवतात ते तरी कळलं ना? काय हो बाई?"

धाकट्या बाई हसल्या. ओठ दातांना चिकटले होते.

"वर्गात वेगळं काही केलंत?" मोजणीबाईंनी विचारलं.

"नाही. नेहमीचंच."

मोजणीबाईंनी ते लिहून घेतलं. धाकट्या बाई त्या एवढ्याशा ओळीकडे बघत राहिल्या. आपण थाप मारली आणि ती कागदावर गेली. आता चार शाळांतली पुस्तकं पुन्हा उघडीच राहणार. बोलावं तर नोकरी जाणार. शेजारी बसलेल्या थोरल्या ताईंवरही बालंट येणार, वहिनीला यांनीच शिकवलं म्हणून. मोजणीबाई कागद गोळा करू लागल्या. पिशवीची चेन अर्ध्यावर आली.

"थांबा," धाकट्या बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "मी केलं. सहामाहीनंतर, रोज. दार लावून. ताईंना माहीत नव्हतं."

मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "तुम्ही सही केली होती बाई."

"हो."

"वहिनी," थोरल्या पुटपुटल्या, "मला तरी सांगायचंस."

"तुम्ही थांबवलं असतंत."

"थांबवलंच असतं."

मोजणीबाई रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "तारखेसकट लिहून द्या. आता 'उपयोग नाही' असं मला लिहिता येणार नाही. 'उपयोग आहे' असंही नाही; तीनच शाळांतला थोडासा फरक त्याला पुरत नाही. आणखी एक वर्ष चाचणी घ्यावी लागेल."

"पण माझी मुलं सुधारली, ती..."

"रीतीमुळे की तुमच्या जीव ओतण्यामुळे? हेच तर कळायचं होतं मला, बाई."

धाकट्या बाई लिहू लागल्या. तारीख दोनदा खोडावी लागली. मुख्याध्यापकांनी खण उघडून मुदतवाढीचा कागद काढला, क्षणभर पाहिला आणि सही न करताच परत ठेवून खण लावला.

"याची एक प्रत माझ्याकडे द्या," ते म्हणाले. "तुमच्या मुदतवाढीच्या अर्जाला जोडायची आहे."

धाकट्या बाईंनी मान हलवली आणि तेच सगळं दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहायला घेतलं.