नऊ जळवा

वीस बाजूंचे फासे. बुटांच्या खोक्यातून कापलेला पुठ्ठ्याचा आडोसा. कपात सुकलेली साय. जळू : जीव तीन. ढालकरीण : जीव बावीस.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर हा खेळ चाले. दीर गोष्ट सांगायचा, शत्रू सोडायचा, त्यांचे फासे आडोशामागे टाकायचा; मोठा आकडा पडला की घाव लागायचा. वहिनी आणि नणंद आपापल्या पात्रांनी लढायच्या. आज वहिनीची ढालकरीण दलदलीत गुडघाभर रुतली होती.

"नऊ जळवा," दीर म्हणाला. "किरकोळ आहेत, वहिनी. एकेका घावाच्या."

"मीठ टाक आणि चहा ठेव," नणंद म्हणाली. तिची जादूगारीण काठावर सुखरूप होती.

वहिनीनं एक कापली. आठ जणी चावायला आल्या. तिनं आणखी एक कापली. सात जणी आल्या.

"भाऊजी, माझा एक घाव होईतो ह्या सात वेळा तुटून पडतायत. किरकोळ कशा?"

आडोशामागे फासे खडखडले. "हुकली," दीर म्हणाला. "हीपण हुकली. हीसुद्धा." त्याच्या ओठावर घाम आला होता.

वहिनीनं पुठ्ठा बाजूला केला. वीस. एकोणीस. अठरा.

"हे हुकलं?"

"ढालकरीण मेली असती. माझा अंदाज चुकला."

"आणि मागच्या लढाईतले, गुहेतले कोळी?"

"तेव्हाही."

"पुलावरचे चोर?"

"जिंकल्यावर तुम्ही किती खूश व्हायचात, वहिनी."

रुग्णालयाच्या धोबीखान्यात आठवडाभर नको नको ते डाग धुणाऱ्या वहिनीला सहसा किळस येत नसे. स्वतःची म्हणून मिरवावी अशी तिच्याकडे ढालकरीण ही एकच बाई होती, कुणाला न घाबरणारी. आता मात्र तिला किळस आली. तीन वर्षं दुसऱ्यानं चावून दिलेला घास आपण मिटक्या मारत खाल्ला, असं तिला वाटलं.

"जाऊ दे गं," नणंद म्हणाली. "खेळच तर आहे."

"खेळ कुठे होता? लाड होते." वहिनीनं फासे दिरापुढे सरकवले. "टाका. उघड्यावर."

"कशाला उगीच..."

"टाका म्हणते ना."

त्यानं टाकले. ढालकरीण त्याच फेरीत मेली. वहिनीनं बावीस खोडून शून्य लिहिलं आणि मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावला.

मागच्या आठवड्यात दिरानं ही लढाई एकट्यानं खेळून पाहिली होती आणि ढालकरीण सहज जिंकली होती. तेव्हा त्यानं एकच जळू सोडली होती.