होडी उतरायच्या दिवशीची तारीख

गुरुवारी कोर्टात हजर राहिली तर झिल्फाला नॉर्बर्टच्या दोन गाभण मेंढ्या मिळण्यासारख्या होत्या. न राहिली तर खटला बाद आणि वर गावाचं हसू. कॅरिबियन समुद्रातल्या कारियाकू बेटावर तूर घरात येईपर्यंत जनावरं बांधून ठेवायची आणि मग सगळ्यांनी एकदम मोकळी सोडायची, असा रिवाज. नॉर्बर्टनं दावी आधीच सोडली आणि झिल्फाची तूर शेंगांसकट त्याच्या मेंढ्यांच्या पोटात गेली.

अडचण अशी की नॉर्बर्ट होड्या बांधणारा मिस्त्री होता, आणि झिल्फाच्या मुलाची होडी त्यानंच बांधली होती. होडी पाण्यात उतरवायचा दिवस मिस्त्री ठरवतो. समुद्राकडे डोळे बारीक करून, भरती जोखल्याचा आव आणत त्यानं नेमका तोच गुरुवार ठरवला. होडीच्या नावावरचं कापड मालकाची आई ओढते, म्हणजे झिल्फा किनाऱ्यावर अडकणार. आपण मात्र टेकडीपलीकडे हिल्सबरोच्या कोर्टात जाऊन हजेरी लावायची आणि जेवायच्या वेळेला परत यायचं, असा त्याचा बेत.

झिल्फानं डाव ओळखला. बहिणीला आपल्या जागी कोर्टात पाठवावं असं तिच्या मनात होतं, पण आधी ती कोर्टातल्या कारकून ऑर्डिथला विचारायला गेली. सगळं बेट झिल्फाला टँटी, म्हणजे मावशी, म्हणे, ऑर्डिथही.

"बहीण नुसती बाकावर बसून येईल, टँटी," ऑर्डिथ म्हणाली. "येता येत नाही हे चालतं, न कळवता गैरहजर राहिलं की महागात पडतं. कारण लिही, आजच दे. आणि नवी तारीख हातात पडेपर्यंत जुनीच खरी धर."

झिल्फानं तिथंच बसून अर्ज लिहिला. मॅजिस्ट्रेटनं पुढच्या महिन्यातली तारीख दिली आणि नॉर्बर्टला कळवायला कोर्टाचा शिपाई किनाऱ्यावर आला. त्याची टोपी लांबून दिसताच नॉर्बर्ट अर्ध्या रंगवलेल्या होडीच्या पोटात जाऊन बसला. कोर्टाचा कागद हातात घेतला की आपण फसलो, ही त्या किनाऱ्यावरच्या पुरुषांची पिढीजात समजूत.

झिल्फानं फळीवर टकटक केलं. "घे बाबा तो कागद, तुझ्याच सोयीचा आहे."

"तुझ्या तोंडून माझी सोय?" आतून आवाज आला. "शहाणा आहे मी, टँटी."

शिपायानं कागद त्याच्या बायकोकडे दिला आणि बायकोनं, नवऱ्याच्या हुकमाप्रमाणे, तो न वाचताच घरातल्या फडताळात टाकला.

गुरुवारी अख्खं गाव लोटलं. ढोल घुमत होते, रम पूर्वजांच्या नावानं जमिनीवर थोडी आणि घशात जास्त जात होती. कुऱ्हाडी टेकूंवर पडल्या, होडी कडकडत एका कुशीवर कलंडली, दोरांना माणसं लागली. पहिला हिसका दिला आणि नॉर्बर्ट गायब. ताल धरून ओरडणारा मिस्त्रीच नाही म्हटल्यावर कोणी डावीकडे ओढी, कोणी उजवीकडे; होडी वाळूत रुतली. मुलाचा चेहरा उतरला.

झिल्फानं झगा खोचला आणि ती वाळूच्या ढिगावर चढली. आयुष्यभर ऐकलेली आरोळी तिनं दिली. दोर एकदम ताणले, पोरीबाळी, म्हातारे, सगळे लागले. होडीखालचे ओंडके गरगरले, होडी हातभर सरकली, मग वावभर, आणि एकदम अशी सुटली की पुढची माणसं पाण्यात पडली. झिल्फानं गळ्यापर्यंत भिजत कापड ओढलं तेव्हा किनाऱ्यावर कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं.

नॉर्बर्ट पायात कोर्टातले बूट घालून बसमधून उतरला, तेव्हा होडी पाण्यावर डुलत होती.

"तारीख बदलली होती," तो हळूच म्हणाला.

"सांगत होते, कागद घे म्हणून," झिल्फा म्हणाली आणि तिनं त्याच्यापुढे भाताची थाळी धरली.

पुढच्या महिन्यात दोघं कोर्टात हजर राहिली. मेंढ्या नॉर्बर्टच्या गोठ्यातून झिल्फाच्या गोठ्यात गेल्या. झिल्फाचा खर्च एक अर्ज, एक हेलपाटा आणि बसलेला घसा. नॉर्बर्टनं दोन मेंढ्या भरल्या. आणि दोन वर्षं स्वतःच्या हातानं घडवलेली होडी पहिल्यांदा पाण्याला लागताना पाहायचं सुख त्यानं त्याआधीच, कुणी न मागता, दंडात भरून टाकलं होतं.