कबरीचं ओरडणं

"मावशी, आता हे मांजर बी दळायचंय का?" दळण घेऊन आलेल्या अभिमन्यूने विचारले.

दळणाचा डबा ठेवायच्या वजनकाट्यावर कबरी पाय पोटाशी घेऊन बसली होती. दगडाबाईने तिला उचलून खाली ठेवले, तशी ती पुन्हा वर चढली आणि तोंड उघडून ओरडली. चक्कीच्या घरघरीवरून पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असे ओरडणे. ओट्यावर बसलेल्या दोघीजणींनी कानांवर पदर ओढला. दगडाबाई मात्र शांतपणे म्हणाली, "आले गं बाई, आले," आणि कबरीला काखेत धरून एका हाताने ज्वारी ओतू लागली.

तलवाड्यातली ही गिरणी दगडाबाई एकतीस वर्षे चालवत होती. नवऱ्याचा जीव मेंढरांत, वर्षातले सहा महिने तो रानोमाळ. पट्टा चढवणे, झिजलेल्या दगडाला टाकी लावून धार आणणे, सगळे ती एकटी शिकली. नवरा गेला, मेंढरे विकली, गिरणी राहिली. आणि पोत्यांमागे जन्मलेली कबरी राहिली. तरुणपणी तिच्या धाकाने उंदीर गिरणीची पायरी चढत नसत. कुणी अंगाला हात लावलेला तिला खपायचा नाही. आता चौदा वर्षांची झाली, दात पडले, आणि वर्षभरापासून तिने नवेच खूळ घेतले. दगडाबाई शेजारी बसल्याशिवाय दूध प्यायचे नाही. दगडाबाई न्हाणीत गेली की दाराशी बसून गळा काढायचा. भाकरी थापायला बसली की परातीत पाय.

"माय, हिला पालीला मामाच्या गोठ्यावर सोडतो," मुलगा रामेश्वर एकदा म्हणाला. "धरण जवळ हाय. मासे खाईल."

"बिनदाताची मासे कशी खाईल रे?"

"मग काय करू? वरडून वरडून गल्लीचं डोकं उठवलंय हिनं."

"कुठं एवढी वरडती? म्याव करती बिचारी."

रामेश्वरने कपाळाला हात लावला. दोन दिवसांनी तो पाणी पिता पिता बायकोला, योगिताला, म्हणाला, "रविवारी मांजर नेतो बरं का." दगडाबाई तिथेच पाठमोरी बसून लसूण सोलत होती. काही बोलली नाही. रामेश्वरला वाटले, झाली कबूल.

रविवारी सकाळी त्याने कबरीला गोणपाटाच्या पिशवीत घातले. दगडाबाई धावत अंगणात आली.

"अरे, कावून कोंबायलास तिला?"

"परवा तुझ्यासमोरच सांगितलं की!"

"मला? मला कुणी सांगितलं?"

नेमक्या तेव्हाच जनावरांच्या डॉक्टर मनिषाताई शेळ्यांना लस द्यायला आल्या. पिशवीतला आकांत ऐकून त्यांनी चौकशी केली. "म्हातारी मांजरं बहिरी झाली की अशी ओरडतात. बघू तरी," म्हणत त्यांनी कबरीला सोडवून खाली बसलेल्या दगडाबाईच्या मांडीवर ठेवले, आणि मागे उभे राहून हलकेच चुटकी वाजवली. कबरीचे दोन्ही कान वळले.

"हिला तर सगळं ऐकू येतंय."

त्यांनी दगडाबाईच्या पाठीकडे पाहिले. मग तिथूनच, साध्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, चहा टाका की थोडा."

दगडाबाई कबरीच्या पाठीतली कुसळे वेचत राहिली.

"मावशी, शेळी सुटली तुमची."

कबरीने मान वळवून पाहिले. दगडाबाईने एक कुसळ काढून फुंकले.

रामेश्वरच्या हातातली पिशवी गळून पडली.

"एकतीस वर्षं चक्कीशेजारी," मनिषाताई त्याला म्हणाल्या. "मांजर आधी हळूच ओरडलं असणार. ते यांना पोचेना, मग पोचेल एवढं ओरडायला शिकलं."

रामेश्वरला आठवले, गेल्या उन्हाळ्यात त्याची लेक ऋतुजा बारावीत तालुक्यात पहिली आली होती. त्याने दारातूनच ते आईला सांगितले होते. आई नुसती "हं" म्हणाली. तेव्हापासून त्याने तिला फारसे काही सांगायचे सोडून दिले होते.

तो समोर जाऊन उकिडवा बसला. "माय, तुला ऐकू येत न्हाई?"

दगडाबाईने दोघांच्या तोंडाकडे पाहिले. लपवायचे काही उरले नाही, हे तिला कळले.

"मला आधी वाटलं, तुमीच हळू बोलायलाव. समदे तोंड फिरवून बोलत्यात आताशा."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"तू गिरणी बंद केली असतीस."

बीडला जाऊन कानाचे यंत्र आणले. ते लावून दगडाबाई घरात पाऊल टाकते तोच कबरीने टाहो फोडला. म्हातारी दचकून भिंतीला टेकली. "अगं बया! एवढी वरडती ही?" योगिता हसता हसता खाली बसली, आणि तिच्याबरोबर म्हातारीही.

बीडच्या डॉक्टरांनी चक्कीपासून लांब राहायला बजावले होते. गिरणी योगिताने घेतली. पहिला आठवडाभर पीठ रवाळ येत होते. दगडाबाई ओट्यावरूनच चिमूट बोटांत चोळून सांगायची, "जरा आवळ दगड." कबरीचे ओरडणे कमी झाले, पण गेले नाही. चौदा वर्षांच्या जिवाची सवय अशी तशी जाते होय! दगडाबाईने "काय गं?" म्हटले की ती थांबायची. तेवढेच तिला हवे असायचे.

माघात कबरीने खाणे सोडले. बोटाला दूध लावून पाहिले, चाटेना. एका दुपारी दगडाबाई तिला मांडीवर घेऊन गिरणीत सावलीला बसली. दारात दळणाचे तीन डबे येऊन थांबले होते. योगिता बटण दाबायला उठली.

कबरीने मान उचलली. तोंड उघडले. आवाज आला नाही.

"हाय गं," दगडाबाई म्हणाली. "हितंच हाय मी."

"कुणाशी बोलायलाव, आत्याबाई? ती कुठं वरडली?"

दगडाबाईने मान खाली घालून कबरीकडे पाहिले. तिचा तळहात कबरीच्या हळूहळू हलणाऱ्या बरगड्यांवर होता.

योगिताने बटणाकडे नेलेला हात खाली घेतला आणि ती दाराशी गेली. "दळण उद्या न्या," बाहेर थांबलेल्यांना तिने हळू आवाजात सांगितले.